सेकंड माल

अक्कलकोट रोड, एमआयडीसी, शेड नंबर चौदा.
माझं काम दोष शोधायचं.
ट्यूबलाइटखाली टॉवेल ओढायचा, हात फिरवायचा.
तुटका धागा, तेलाचा डाग, सुटलेली किनार
दिसली की खडूची फुली.
फुली पडली की माल सेकंड.

तीन वर्षं झाली, बाहेरून ऑर्डर येते:
फुटबॉलची मैदानं, टॉवेलवर.
मी कुठल्याच मैदानात गेले नाही,
पार्क मैदानातसुद्धा शाळेच्या कवायतीपुरतीच.
पण माराकानाचा घेर माझ्या तळहाताला पाठ आहे.
घडी घातली की बरोबर मधल्या वर्तुळावर मोडतो.

डिझाइन अंबय्या गुंडेटींचं.
पूर्वी ग्राफ पेपर, पुठ्ठ्याला भोकं,
आता कॉम्प्युटर; पेन्सिल मात्र कानावर तशीच.
बायकोशी तेलुगू, आमच्याशी मराठी, मशीनशी शिव्या.
जे मैदान काढायचं त्याचं आधी सगळं वाचणार,
मग जेवणाच्या सुट्टीत सांगणार,
कडक भाकरीचा तुकडा शेंगाचटणीत बुडवून
तोंडापर्यंत न नेता.

"अक्का, दोन लाख माणूस होतं त्या दिवशी.
शेवटी शेवटी उरुग्वेनं गोल मारला
आणि दोन लाख माणूस गप.
गिरणी बंद पडली त्या सकाळसारखं बघा."

मला बघायला नको. मी सात वर्षांची होते.
भोंगा वाजला नाही
म्हणून अख्ख्या चाळीला जाग आली होती.

वेम्बलीचे त्यांनी दोन पांढरे मनोरे काढले.
तिकडून निरोप: मनोरे कधीच पाडले, काढून टाका.
दोन दिवस फाइल उघडली नाही त्यांनी.
तिसऱ्या दिवशी एकेक चौकोन पुसत बसले,
खालून वर नाही, वरून खाली,
चिमणी पाडतात तसे.

मोंतेविदेओचं मैदान सन तीसचं.
सिमेंट ओलं होतं म्हणे, तरी लोक येऊन बसले.
"जुलै तीस," असं म्हणून ते बोटं मोजायला लागले.
"आणि आपल्यात मे महिन्यात मार्शल लॉ.
तिकडं पहिला वर्ल्ड कप,
इकडं माझा आजा मागाच्या खड्ड्यात लपलेला,
वर आजी एकटीच धोटा फेकतीय,
शिपायाला आवाज ऐकू जावा म्हणून."
भाकरी हातातच होती.

मग सांतियागोचा लॉट आला.
पहिलाच टॉवेल ओढला आणि हात अडखळला.
गोलाच्या मागे, बाकांच्या रांगेत,
चार बोटं जागा टक्कल पडलेली.
लूपच नाही. नुसता ताणा-बाणा.
दुसऱ्यातही. तिसऱ्यातही.
फुली, फुली, फुली.
दोनशे चाळीस फुल्या मारून मी सुपरवायझरला हाक मारली
तर अंबय्याच धावत आले, चष्मा हातात.

"दोष नाही ओ अक्का, ती सोडलेली जागा आहे.
त्र्याहत्तर साली त्या मैदानात माणसं कोंडली होती,
हजारोंनी. मारली. काही परत गेलीच नाहीत.
आता मॅचला सगळं भरतं,
तेवढे जुने लाकडी बाक मात्र रिकामे ठेवतात.
गिऱ्हाइकानं फक्त रंग देऊ नका म्हणून लिहिलं होतं.
लूप घ्यायचा नाही, हे माझं."

मालकाला सांगितलंत?
"नाही."

ओलं फडकं घेऊन मी खडू पुसत बसले.
सुटीची वेळ झाली, बस गेली,
शेडमध्ये आम्ही दोघं आणि एक पंखा.
एका टॉवेलची फुली निघालीच नाही,
लवेत शिरली होती.
तो सेकंडमध्ये गेला,
साठ रुपयांत मी घरी आणला.

श्रीशैल खेळून येतो, मातीनं भरलेला,
आंघोळ करून तोच ओढतो दोरीवरचा.
"आई, इथं खरखरीत लागतंय."

लागू दे, म्हटलं.
पाठ नीट पूस.