दीड फूट

एप्रिलचा दुसरा आठवडा. वखारभागात
दुपारी तीनला कुत्रीसुद्धा गटारीच्या फरशीखाली.
रिमोटवर अठरा. खोलीत एकतीस.
हे म्हणाले, सोळावर कर.
जणू आकडा ओरडून सांगितला
की मशीनला ऐकू जातं.

आधी आलेला पोरगा दारातूनच म्हणाला, गॅस गेलाय,
अडीच हजार.
माझ्या माहेरी एक वैद्य होता, तोही
नाडी धरायच्या आधी पुडी बांधायचा.

मग मिरजेहून जमीर आला.
पिशवी ठेवली, तांब्याभर पाणी प्यायला,
जाळी काढून उन्हात धरली.
"काकी, घरात हळदीचं दुकान हाय काय?"
दुकान नाही. पण हे तेवीस वर्षं अडतीवर दिवाणजी,
आणि सदरा झटकतात तो याच खोलीत.
जाळी धुतली, तर मोरीतून
लग्नघरासारखं पिवळं पाणी.

खोली निवली थोडी. एकोणतीस.
जमीरनं वाऱ्याखाली हात धरला,
पोराचा ताप बघावा तसा, उलटा.
"अजून कुठंतरी अडतंय."
गेज लावलं. गॅस कुठंच गेला नव्हता,
उलट काटा नको तेवढा वर.

गच्चीवरून वाकून तो बाहेरच्या डब्याकडे
बराच वेळ बघत राहिला.
डबा भिंतीवर उंच,
पत्र्याच्या छपराला डोकं टेकून.
"एवढ्या वर कुणी बसवला ओ?"

मी त्याला भिंतीवरची निळी रेघ दाखवली,
ऑइलपेंटची, खाली साल घातलेली.
इथवर नदी आली होती.
ती गेल्यावर आम्ही जे जे नवं घेतलं
ते रेघेच्या वर टांगलं:
मीटर, मिक्सरचं बटण, देव,
लग्नाचा अल्बम.

जमीर म्हणाला, "मशीन गारवा बनवत न्हाई, काकी.
आतली धग उचलून भाईर टाकतंय, बास.
पत्र्याखाली ती जाणार कुठं?
आपलाच श्वास परत ओढून घेतंय.
दीड फूट खाली घ्या."

दीड फूट खाली
म्हणजे रेघेच्या खाली.

यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.
"पत्रा कापू या की."
पत्रा चौगुल्यांच्यात सामाईक.
मागं त्याच पत्र्याच्या एका खिळ्यावरून
दोन दिवाळ्या फराळाची ताटं आली-गेली नाहीत.
"उन्हाळा चार महिने," मी म्हणाले,
"पूर आलाच तर आठ दिवस."
"आठ दिवस काय असतात ते मला सांगू नको."
तेही खरं.
गोदामातली चौदाशे पोती वहीतून कमी करताना
प्रत्येक ओळीपुढे यांनीच लिहिलं होतं, भिजून.

तोड शेवटी जमीरनंच काढली.
वरचे ब्रॅकेट राहू दिले,
खाली नवे दोन ठोकले.
तांब्याची नळी दोन वेटोळी जास्तीची सोडली,
वायरसुद्धा.
आणि तेरा नंबरचा पाना
सुतळीनं खिडकीच्या गजाला बांधला.
"आयर्विनला पस्तीस फूट झालं की चार नट.
दोघांनी उचलायचं, वर ठेवायचं.
न्हाई जमलं तर फोन करा,
रस्ता असला तर येतो."
मजुरी सांगताना तो जरा लाजला. सहाशे,
वर ब्रॅकेटचे वेगळे.

रात्री खोली चोवीस.
यांनी चादर मागून घेतली.
मी जागीच. बाहेर डबा मोकळेपणी घरघरत
सगळी धग बोळात सोडत होता,
आणि समोर इस्त्रीवाल्या साळुंख्यांनी
खिडकीचं एक दार ओढून घेतलं.
उद्या त्यांच्याकडे ताक पाठवायला हवं.
किंवा काय पाठवायचं असतं
आपली धग दुसऱ्याच्या खिडकीत गेल्यावर?

पाना गजावर किणकिणला.
यांचा हात झोपेतच चादरीबाहेर आला
आणि हवेत फिरला,
उजवीकडून डावीकडे,
नट सैल करावा तसा.