नंबर वाढला की गळ लहान

गुजरीत सराफाच्या पायरीला पाठ लावून बसते,
रेशमाची रिळं मांडीशी,
पायाच्या अंगठ्याला दोरा ताणलेला.
साज ओवते. ठुशी, बोरमाळ, पुतळ्या.
आणि दिवाळी उलटली की
रंगराव इंगवल्यांचे गळ.

पहिल्यांदा आले तेव्हा वाटलं,
घरातलं डोरलं तुटलं असेल.
पुडी सोडली तर आत सहा लोखंडी आकडे.
म्हणाले, ह्यांना कोंबड्याची पिसं बांधून द्याल का?
लांबनं माशाला मासा वाटला पाहिजे.

मी म्हटलं, साजातही मासा असतो की,
सोन्याचा, करवंदाएवढा,
पण त्याला अजून कुणी गिळला नाही.
हसले नाहीत. धरणाच्या दारांवर तीस वर्षं
नोकरी केलेला माणूस,
पाणी सोडायचं तेवढंच तोंड उघडतो.

नंबर वाढला की गळ लहान होतो,
हे उलटं गणित पचायला मला एक हंगाम लागला.
चारचा मोठा, आठचा त्याहून बारका.
दांडी लांब हवी, पीस सरळ निजलं पाहिजे.
टोक नखावर टेकवून बघायचं:
घसरलं तर बोथट,
रुतून राहिलं तर घ्यायचं.

पिसं रजाक मुलाण्याच्या दुकानातली,
मानेची, तांबूस, कडेला काळी.
राखेच्या पाण्यात धुऊन कौलावर वाळवते,
शेजारीण विचारते, कुणाची करणी काढताय?
आभाळ भरलेलं असलं तर करडं पीस.
ऊन असलं तर रुपेरी जर, चार पदर, पाच नाही.
पाणी अजून गढूळ असलं तर
जोतिबाच्या गुलालाचा रंग,
बाकी काही चालत नाही, रंगराव म्हणतात,
आणि पुढच्याच आठवड्यात म्हणतात, गुलाल नको.

पीस बाकाच्या पुढं बोटभर गेलं
तर मासा शेपटीचे केस उपटून पसार.
म्हणून मागं दुसरा गळ, दोऱ्यावर लोंबता,
चोराच्या मागं चोर.
डोळ्याला काळा मणी,
मंगळसूत्रातनं उरलेला.
शेवटी पटव्याची गाठ, वर नेलपॉलिशचा थेंब.
ही गाठ वडिलांनी शिकवली होती
गळ्यासाठी.

मी काळम्मावाडीचं पाणी पाहिलं नाही.
ऐकून माहीत आहे:
संपत वल्हं मारतो, घाई न करता,
होडीमागं शंभर हात दोरी,
आणि दोरीच्या टोकाला माझं काम
पोहत येतं, दमल्यासारखं.
जास्त जोर लावला तर पीस मिटतं,
थांबलं तर बुडतं.
खडस खालनं बघत असतो म्हणे.
बघू दे. माझी गिऱ्हाइकंही तशीच,
तासभर बघतात, मग भाव विचारतात.

मासा मी खात नाही.
पण दुरुस्तीला आलेल्या गळांवरून त्याला ओळखते.
जर कातरलेली, मणी तडकलेला,
दांडीवर एक ओरखडा आडवा.
हा घाईचा होता.
हा नुसता चव घेऊन गेला.
ह्या एकानं गळच सरळ केला,
चारचा गळ, सरळ, सुईसारखा!
तो मी परत दिला नाही.
मोत्यांच्या डबीत ठेवलाय.

काल रंगराव आले, डबा उघडून ठेवला.
बारा नेले होते, अकरा होते.
गुलालाच्या रंगाचा नव्हता,
तोच, जो नको म्हणाले होते.
विचारलं, माशानं नेला की खडकानं?
त्यांनी मिशीवरनं हात फिरवला,
पायरीवरच्या रिळांकडं बघितलं,
म्हणाले,
तसलेच चार करा.
नंबर एक कमी करा.