निळा शून्यावर

वसमत रोडला, टायरच्या दुकानामागं
पत्र्याच्या खोलीत तीन मशिनी होत्या.
दोन कायम बंद. एक फसीभाईच्या मर्जीनं चालायची.
मे महिन्यात तो तिच्या पाठीवर ओलं पोतं टाकायचा,
तापलेल्या म्हशीवर टाकावं तसं,
आणि स्टुलावर बसून उर्दू पेपर वाचायचा
उजवीकडून डावीकडं.
आमचं विमान डावीकडून उजवीकडं.
थांबायचं नाही ते. पडदाच सरकायचा,
तुम्ही काही करा नाहीतर नका करू.
मागं वळायला बटणच नव्हतं.

आकाश हिरवं होतं, कोवळ्या हरभऱ्यासारखं.
तारे पिवळे, स्फोट पिवळे,
तोंडावर पडायचा तो उजेडही पिवळा.
कावीळ झालेली पाच पोरं
एका रुपयाभोवती.
परग्रहावर असंच असतं, हे आम्ही धरून चाललो होतो.
परभणीबाहेरचं पाहिलं होतं काय? पूर्णा जंक्शन.

चौथ्या टप्प्यात, गुहा संपते तिथं,
सगळे मरायचे.
समोर कुणी नाही, भिंत नाही,
विमान आपलं जळून जायचं.
"जागाच वाईट हाय ती," मुंजा म्हणायचा.
त्याच्या गावात बारवेपाशी होती तशी एक,
बैल तिथं पाय टाकत नसत.

तो मात्र पार व्हायचा, एकटा.
तीन मोजून खाली, दोन मोजून वर,
मग जीभ दातात धरून
एका श्वासात सरळ.
तेराच्या पुढचा पाढा त्याला कधी आला नाही.
फसीभाई पेपर खाली ठेवायचा तेवढ्यापुरता,
आणि नेमकी लाइट जायची.

आता तो गेम परत आलाय.
जुने पाच मिळून एका पिझ्झाच्या भावात.
पोरगी झोपल्यावर कन्सोलवर उतरवून घेतला.
रुपयाला इथं बटण आहे. दाबलं की खळ्ळ वाजतं,
कितीदाही दाबा, खिसा गप्प.
मेलात तर शेवटचे दहा सेकंद मागं घेता येतात.
जुन्या काचेवरच्या रेघा हव्यात का, तेही विचारतो.
मी म्हटलं, हव्यात.

आणि आकाश निळं.
फिक्कं, साधं, आपल्यासारखंच निळं.
तारे पांढरे.
मी बराच वेळ विमान नुसतं उडू दिलं.
मग गुहा संपली, आणि तिथं
पोत्यातून सांडलेल्या ज्वारीसारख्या
गोळ्या.
निळ्या. ठळक. इतक्या हळू
की रांगतं लेकरूही चुकवील.

म्हणजे मशिनीतला निळा मेलेला होता.
एवढंच.
तीन उन्हाळे आम्ही त्याचे रुपये भरले.

साडेअकराला मुंजाला फोन लावला.
जिंतूरला ताडपत्रीचं दुकान आहे त्याचं,
आवाज झोपेतला.
"काय करायलास एवढ्या रात्री?"
"तिथं गोळ्या होत्या बे. निळ्या."
पंख्याची घरघर ऐकू येत राहिली.
"कुठल्या गोळ्या?"
मग पुन्हा पंखा.
मग, कूस बदलल्यासारखं,
"तीन खाली. दोन वर. बोलत बसू नको मधी."
आणि ठेवता ठेवता,
"फसीभाईला नको सांगू हे.
म्हातारा रुपये परत करत बसंल."

टीव्हीच्या सेटिंगमध्ये शिरलो.
लाल राहू दिला. हिरवा राहू दिला.
निळा खाली, खाली, शून्यावर.
भिंत पिवळी झाली, सोफा पिवळा,
माझ्या हातावरचे पिकले केस पिवळे.
हरभरा पुन्हा वर आला.

गुहा संपत आली.
एक, दोन, तीन, खाली.
एक...
दाराशी पोरगी, डोळे चोळत,
"टीव्हीला काय झालं?"

मोजायचं राहिलं.
समोर कुणी नसताना
विमान आपलं जळून गेलं.
ती पडद्याकडं बघत राहिली, मग माझ्याकडं.
"जागाच वाईट हाय ती," मी म्हणालो.