बारदान

मार्केट यार्डात, हळदीच्या अडतीत
मी एकोणीस वर्षं पट्ट्या लिहिते.
एकूण वजन. बारदान वजा. निव्वळ वजन.
मग हमाली, तोलाई, आणि उरतील ते शेतकऱ्याचे.
बारदान म्हणजे रिकामं पोतं.
ते मालातून वजा करायचं असतं,
कारण पोतं विकत घ्यायला कुणी आलेलं नसतं.

मिरजेला ऑपरेशन होतं त्याच्या आधीच्या सोमवारी
घरचा काटा शेवटच्या रेघेला टेकून थांबला,
तेव्हा शटर ओढून घेऊन शिवगोंडानं मला
गोडाऊनच्या काट्यावर उभं केलं.
एकशे एकतीस किलो चारशे.
सवयीनं त्याच्या तोंडून गेलं, "बारदान किती धरू, बाई?"
आम्ही दोघंही हसलो. मी जास्त.

चौदा महिन्यांत एकसष्ट किलो गेले.
वजन उतरलं म्हणतात आपल्याकडे,
कृष्णेचं पाणी उतरलं म्हणतात तसंच.
पाणी उतरल्यावर खणभागातल्या घरांत काय राहतं
ते सांगलीत कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

सकाळी मी पोटाची घडी दोन्ही हातांनी उचलते,
खालचा ओलावा टिपते, पावडर मारते,
जुन्या सुती साडीची पट्टी आडवी घालते
आणि पोट परत खाली ठेवते.
ठेवते, हाच शब्द बरोबर आहे.
भाकरी थापायला लागले की
दंडाखालची कातडी तिची वेगळी भाकरी थापते,
अर्ध्या ठेक्यानं मागं.
लेक पहिल्यांदा खूप हसली,
मग पाणी प्यायच्या निमित्तानं उठून गेली.

"किती सुटसुटीत झालीस गं!"
काहीजणी आवाज खाली आणून, "शुगर का? की दुसरं काही?"
विमा कंपनीच्या पत्रात एकच ओळ:
जादा त्वचा काढणे ही बाब सौंदर्यवर्धनात मोडते.
शेहेचाळीस वर्षांत माझ्याबाबतीत
तो शब्द कुणी वापरला नव्हता.
पहिल्यांदा वापरला, तो नाही म्हणायला.
मी पत्राला भोकं पाडून फाईलला लावलं.

रात्री दिवा मीच घालवते.
ह्यांचा हात कमरेपाशी येतो आणि थांबतो,
चपला कुठं काढाव्यात हे न कळलेल्या
पाहुण्यासारखा.
काय सांगणार?
मलाही अजून कुणी सांगितलेलं नाही.

काल दुपारी सौदे संपल्यावर
कस्तुराक्का पोती शिवत बसल्या होत्या.
दाभण, सुतळी, मांडीवर उलटं काढलेलं पोतं,
भुवयांवर पिवळी धूळ.
पोत्यांचे कोपरे लोंबत होते,
जिथं माल दाबून बसला होता तिथं अजून पोक.
"ही टाकून देत नाहीत?" मी विचारलं,
जसं काही मला माहीतच नव्हतं.
दातांनी सुतळी तोडत त्या म्हणाल्या,
"भरल्यावर न्हाई फाटलं, त्ये रिकामं झाल्यावर कोण टाकतंय?"
माझ्याकडे बघितलं नाही. किंवा बघितलं.
पुढचं पोतं ओढलं.

छान वाक्य होतं.
वाक्यानं खाज थांबत नाही.

संध्याकाळी मी आपली आपण काट्यावर चढले.
सत्तर किलो चारशे.
शिवगोंडा दारात तंबाखू मळत होता,
या खेपेला त्यानं काही विचारलं नाही.
कातडीच पाच-सहा किलो भरेल, असं डॉक्टर म्हणाले होते.
वहीच्या मागच्या पानावर मी लिहिलं:
एकूण वजन, सत्तर किलो चारशे.
बारदान,
आणि तिथं पेन उचललं.
रकाना कोरा ठेवला.

घरी येऊन पट्टी बदलताना बघते तर
घडीच्या पार आतपर्यंत हळद गेली होती,
कुणी न लावता.