ज्याचं पत्र त्याला

वडिलांनी काळ रंगवला होता चादरीवर.
आईच्या लग्नातली जाड पांढरी चादर, तिच्यावर सात वर्तुळं,
पहिल्या बागेपासून हजार वर्षांच्या राज्यापर्यंत,
आणि निळ्या दोन शिखरांच्या मधे एक दरी.
संदेष्ट्यांना लांबून शिखरंच दिसली, ते सांगायचे,
गोठा आणि सिंहासन, एकाला एक चिकटलेली.
दरी दिसली नाही कुणालाच.
आपण दरीत राहतो.
आम्ही ओक्लाहोमाच्या पट्टीतली माणसं,
अंडं ठेवलं तर गडगडणार नाही इतकी सपाट आमची जमीन.
तरी मान डोलवायचो.

लायमन स्टॅगर, ग्रामीण टपाल, मार्ग क्रमांक दोन.
आठवडाभर पत्रं, रविवारी वचनं,
नियम दोन्हीकडे एकच:
आधी पत्ता वाचावा, मग पाकीट फोडावं.
रस्त्याकडेच्या पेटीचा लाल झेंडा वर असला
तर घरातून काही पाठवायचं आहे, थांबायचं.

बावन्न सालच्या ऑगस्टात पोलिओनं नेवा प्रिचेटचा ड्वेन नेला.
नऊ वर्षांचा.
त्याच आठवड्यात तंबूत आलेला उपदेशक
एबाल डोंगराचे शाप वाचताना घामाघूम झाला:
आज्ञा मोडली की पोटचं फळ गळतं, म्हणाला.
नेवा हिशोबाला बसली.
रविवारी वाळत घातलेले कपडे.
बहिणीशी बारा वर्षं धरलेला अबोला.
लग्नाआधीचा एक जुलै.

वडिलांनी गाडी बंदही केली नाही, खिडकीतूनच बोलले.
"नेवा, ते पत्र तुला आलेलं नाही.
याकोबाच्या घराण्याला लिहिलंय, नदी ओलांडायच्या आधी.
पाऊस, पीक, वेढा, देशोधडी,
सगळं त्यांच्याशी ठरलेलं, करार त्यांचा.
तुझ्या नावाचा शाप कुठल्याच थैलीत नाही.
मी थैल्या रोज उघडतो."

ती आत गेली. चुलीवरची चौकट काढून आणली,
तिच्या आईनं टाके घालून भरलेली:
टोपलीला आशीर्वाद, काथवटीला आशीर्वाद,
कडेनं गव्हाच्या ओंब्या.
"मग हेही त्यांचंच?"

मी मागच्या सीटवर, अकरा वर्षांची, पाय पार्सलवर.
गावातल्या मोठ्या देवळात सोयीची वाटणी चालायची,
आशीर्वाद आपल्याला, शाप यहुद्यांना.
वडील त्याला चोरी म्हणायचे,
दुसऱ्याच्या पाकिटातली मनिऑर्डर काढून
वसुलीची नोटीस तेवढी आत ठेवण्यासारखं.
तरी त्या दिवशी मला वाटलं,
बाबा, एकदा खोटं बोला.

"हो," ते म्हणाले. "तेही."

"मग पोचवा," म्हणून तिनं चौकट खिडकीतून आत दिली
आणि दार लावलं.

पुढे तिच्या पेटीचा झेंडा कधी वर झाला नाही.
वडील रोज थांबायचे.
पत्र नसलं तरी झाकण उघडायचे, लावायचे,
आवाज स्वयंपाकघरापर्यंत जाईल एवढ्या जोरात.
तिकीट न लावता पेटीत काही टाकणं गुन्हा आहे.
सप्टेंबरात त्यांनी भोपळा टाकला. मग अंडी, वर्तमानपत्रात गुंडाळून.
मग मोजे.
यावर चादरीत काही लिहिलेलं नव्हतं.

एक्क्याऐंशी साली गेले ते,
पॉलिश केलेले बूट पलंगापाशी,
तुतारी वाजलीच तर.
चौकट मला जुन्या टपालथैलीत सापडली,
तपकिरी कागद, सुतळी, त्यांचं ठसठशीत अक्षर:
पत्ता बरोबर आहे. घेणारे परततील.
रद्द करू नये.

मला खरंच कळत नाही,
कोण परतेल, कुठे, आणि कुणाच्या रक्तावरून चालत.
वडिलांना बोटानं वर्तुळं दाखवता यायची, मला येत नाहीत.
चादर मात्र उलगडली, दिव्याखाली धरली.
शिखरांच्या मधे, दरीच्या तळाशी,
शेवटच्या बाकावरून कधी दिसलं नसतं इतकं बारीक,
पेन्सिलनं काढलेली एक टपालपेटी,
झेंडा वर.