टोकाचं पाणी

अकरा मिनिटं. शकुननं घड्याळ पाहून मोजली.
मले 'चावी' म्हणायचं होतं,
तोंडातून नुसता 'चा' निघाला,
आणि तिनं चहा ठेवला.
मग उजव्या हातातून कप गेला.
मग सगळं परत आलं, काही झालंच नाही असं.

धंतोलीत पहिला फोटो साफ निघाला.
मी चप्पल घालतच होतो.
खापर्डे बाई म्हणाल्या, थांबा नंदेश्वर,
रक्त कसं पोचतं तेही पाहू.

पुन्हा मशीनमध्ये. नसेत औषध गेलं,
अंग तापलं, तोंडात जुन्या नळाची चव.
पडद्यावर माझं डोकं, निळं, हिरवं,
आणि डाव्या कानाच्या वर लाल डाग.
"हा भाग जिवंत आहे. पण रक्त इथं
सहा-सात सेकंद उशिरा येतं."

बाई, एकतीस वर्षं मी पाण्याच्या चाव्या फिरवल्या.
गोरेवाड्याहून निघालेलं पाणी
नारीच्या शेवटच्या गल्लीत
सुतासारखं कसं येते, मले ठाऊक आहे.
टोकाचा माणूस आधी तक्रार करत नाही,
फक्त बादली लवकर मांडतो.
मग एका सकाळी नळातून हवाच येते.

"म्हणजे पुन्हा?"
"शक्यता जास्त. दिवस सांगता येत नाही.
घरी सोडत नाही तुम्हाला."

आता शकुन दर तासाला म्हणायला लावते.
रात्री तीनलाही, हलवून उठवून.
चावी, म्हणतो मी. चावी.
काल गंमत म्हणून नुसतं 'चा' म्हटलं.
ती हसली नाही.