मागची जाळी

किल्ली देताना ऑर्टविन एवढंच म्हणाला,
इंजिन तापेपर्यंत घाई नको.
सुताराची बोटं, रंधा मारून मारून गुळगुळीत झालेली.

दिसायला बाजारहाटाची गाडी.
लांबट पाठ, राखाडी रंग,
मागे बटाट्याची चार पोती सहज मावावीत.
गावातून चाळीसने जाताना कुरकुरली नाही,
फक्त सीटखाली काहीतरी पुटपुटत राहिलं,
झोपेत दात खाणाऱ्या माणसासारखं.

कासेलच्या पुढे पांढऱ्या वर्तुळातल्या
त्या तिरप्या करड्या रेघा मागे पडल्या.
आता, तो म्हणाला.

पाय टेकवला मात्र,
पोट पाठीला लागलं, भुकेवाचून.
बीचची झाडं वितळून एकच हिरवी भिंत.
एकशे ऐंशी. दोनशे दहा.
चालते ट्रक उभे असल्यासारखे.
स्टिअरिंग इतकं शांत
की मला माझ्याच हातांची भीती वाटली.

दोनशे चाळीसला उजवं वळण आलं
आणि ऑर्टविनचा हात आपसूक मागे गेला,
जाळीकडे.
इथे बिर्टे डावीकडे घसरायची, म्हणाला.
जाळीपलीकडच्या गालिच्यात
अजून रुतलेले आखूड पांढरे केस.

मी पाय उचलला.
का? त्याने विचारलं. तिला आवडायचं.

परतल्यावर किमतीची घासाघीस झालीच नाही.
जाळी काढून घेता का, एवढं विचारलं मी.
असू दे, म्हणाला. खडखडते जरा.
नव्वदच्या पुढे ऐकू येत नाही.